न संपलेले डाव

दिवाळीतल्या पाडव्याला आपण बलिप्रतिपदा म्हणतो. पण त्याच दिवसाचे आणखी एक जुने नाव आहे, ते म्हणजे द्यूतप्रतिपदा. या तिथीला शंकर-पार्वती फासे खेळली आणि पार्वतीने डाव जिंकला, अशी कथा आहे. म्हणूनच एरवी जुगाराच्या नावाने नाक मुरडणाऱ्या सोवळ्या घरांतूनही पूर्वी या एका दिवशी पट मांडला जात असे. ज्यांना त्या डावाचे दर्शन घ्यावयाचे असेल त्यांनी छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे आमच्या जुन्या औरंगाबादेहून, तीसएक किलोमीटरवरच्या वेरूळला जावे. एकविसाव्या क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात, तसेच चौदाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यांतही, हा खेळ पाषाणात कोरलेला आहे. देव आणि देवी पटापाशी बसली आहेत, भोवती परिवार आहे, आणि खाली शिवगण नंदीची थट्टा करण्यात दंग आहेत. रामेश्वर लेणे सहाव्या शतकातले मानतात. म्हणजे चौदाशे वर्षे होऊन गेली, फासे पडलेले नाहीत, पट उठलेला नाही. कोणी जिंकले नाही आणि कोणी जेवायलाही उठले नाही!

देवांचे ठीक आहे. त्यांना वेळ अमाप. पण गेल्या चाळीस वर्षांत माणसांनीही असे खेळ निर्माण केले आहेत की, ज्यांचा डाव उठता उठत नाही. संगणकाच्या पडद्यावर एक अवघा मुलूख उभा करावयाचा, त्यात डोंगर, नद्या, गावे, बाजार, माणसे घालावयाची, आणि खेळणाऱ्याला सांगावयाचे, "जा बाबा, हवे तिकडे हिंड." इंग्रजीत यांना 'ओपन वर्ल्ड' म्हणतात, आपण त्यांना मुक्तसंचाराचे खेळ म्हणू. जगभर कोट्यवधी लोक ते विकत घेतात, त्यांची वाखाणणी करतात, आणि त्यांतले पुष्कळसे लोक ते अर्ध्यावर सोडून देतात. मीही त्यांतलाच एक. या खेळांत मला कधी रमता आले नाही. का आले नाही, आणि आमच्या गल्लीतली पोरे ते न संपवताही त्यांत कशी रमली, याचा शोध घेता घेता मला त्यांचा थोडाबहुत इतिहास कळला. तोच आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

आपल्या जुन्या खेळांना शेवट असे, ही गोष्ट आपण सहसा लक्षातच घेत नाही. सारीपाटाला चार हात, एकेका हातावर चोवीस घरे, चार रंगांच्या सोळा सोंगट्या. सोंगटी सारा पट फिरून मधल्या घरात परत आली की ती पिकली. मध्येच मेली तर पुन्हा पहिल्यापासून चालणे आले. पण चालायचे कोठे, याविषयी कधी संशय नसे. मोक्षपटाचेही तसेच. परंपरा त्याच्या जनकत्वाचा मान ज्ञानेश्वरांना देते. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, आणि शेवटचे घर म्हणजे मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पट विलायतेला गेला आणि तिकडून नुसता सापशिडीचा खेळ होऊन परत आला. मोक्ष मात्र वाटेत कोठे तरी बोटीवरच राहिला. पण मोक्ष गेला तरी शंभरावे घर उरले. खेळ संपतो, जिंकणारा हसतो, हरणारा रुसतो, पट गुंडाळला जातो आणि पाने वाढली जातात. उठण्याची आज्ञा घरातल्या मोठ्या माणसांना द्यावी लागत नसे. ती खेळच देई.

यंत्रावरचे खेळ आले तेही आरंभी असेच होते. १९७८ साली जपानात 'स्पेस इन्व्हेडर्स' आला, १९८० साली 'पॅकमॅन' आला. नाणे टाकावे, तीन जीव मिळावेत, आणि चार-पाच मिनिटांत तिन्ही गमावून बाजूला व्हावे, असा मामला. आमच्या लहानपणी शहरात जी व्हिडिओ पार्लरे निघाली होती, तेथे रुपयाचे नाणे मुठीत घट्ट धरून उभी राहिलेली पोरे मला आजही आठवतात. पार्लरवाल्याचा फायदा आमच्या लवकर मरण्यात होता. आम्ही जितके लवकर मरू तितके लवकर दुसरे नाणे पडणार. त्या खेळांना मोक्ष नव्हता, पण मरण होते. आणि शेवट म्हणून मरणही पुरे होते.

मग हे न संपणारे प्रकरण सुरू झाले कोठून? गंमत अशी की, त्याचा उगम एका गुहेत आहे. विल क्राउदर नावाचा एक अमेरिकन संगणकतज्ज्ञ गुहांतून हिंडण्याचा मोठा शौकीन होता. केंटकी राज्यातली मॅमथ केव्ह ही जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा. तिचे नकाशे काढण्याच्या कामात तो आणि त्याची पत्नी दोघेही असत. पुढे दोघांचा काडीमोड झाला. मुली आईकडे. त्या भेटायला आल्या म्हणजे त्यांच्याशी खेळावयास काही हवे, म्हणून १९७५-७६ च्या सुमारास त्याने संगणकावर एक गुहा रचली. चित्र नाही, आवाज नाही, नुसते शब्द. समोर काय आहे ते यंत्राने सांगावे, कोठे जायचे ते मुलींनी टंकावे. १९७७ साली डॉन वुड्स नावाच्या तरुणाने तिच्यात भर घातली आणि ती गुहा विद्यापीठा-विद्यापीठांतून पसरली. एका बापाने मुलींसाठी बांधलेले हे भातुकलीचे घर; पुढच्या साऱ्या अफाट नगऱ्यांचा पाया तेथे आहे, हे वाचून मला त्या खेळांविषयी पहिल्यांदा थोडा जिव्हाळा वाटला.

गुहेतून माणूस आकाशात गेला तो १९८४ साली. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल हे केंब्रिजमधले दोन विद्यार्थी. बीबीसी मायक्रो नावाच्या ज्या संगणकावर ते काम करीत होते त्याची स्मरणशक्ती अवघी ३२ किलोबाइट. आजच्या मोबाइलवरचे एक साधे छायाचित्रदेखील तिच्यात मावायचे नाही. त्यात यांनी ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह, असे २०४८ ग्रह बसवले. कसे? तर ग्रह साठवलेच नाहीत. एक गणिती सूत्र साठवले. त्यात एक बीजसंख्या घातली की सूत्रातून ग्रहाचे नाव, त्याचे स्थान, तेथला राज्यकारभार, तेथले बाजारभाव, सारे ओळीने बाहेर पडे. आणि तीच बीजसंख्या पुन्हा घातली की तोच ग्रह पुन्हा हजर! बी साठवावे, झाड साठवू नये. हे शहाणपण आपल्या शेतकऱ्याला मुद्दाम समजावून सांगावयास नको. या खेळाचे नाव 'एलीट'. त्यात मालाची ने-आण करावी, चाच्यांशी लढावे, वाटेल तिकडे जावे. एका प्रकाशकाने हा खेळ आधी नाकारला होता. त्याला दहा मिनिटांत आटोपणारा, तीन जिवांचा आणि गुणांचा खेळ हवा होता. 'एलीट'मध्ये गुण नव्हते आणि अंतही नव्हता. असलीच तर सर्वांत वरची एक पदवी होती, आणि तिच्यासाठी ६४०० शत्रूयाने पाडावी लागत. तेथवर किती जण पोहोचले असतील?

दोनच वर्षांनी, १९८६ साली, जपानात 'द लेजंड ऑफ झेल्डा' निघाला. त्याचा कर्ता शिगेरू मियामोतो. याचे बालपण क्योतोजवळच्या सोनोबे गावी गेले. रानात हिंडावे, अवचित एखादी गुहा दिसावी आणि कंदील घेऊन तिच्यात शिरावे, या लहानपणीच्या अनुभवातून आपल्याला हा खेळ सुचला, असे त्याने पुढे वेळोवेळी सांगितले. पुन्हा गुहाच! पण या खेळातली खरी क्रांतिकारक गोष्ट गुहा नव्हती. ती होती राखून ठेवण्याची सोय. जपानात चकतीवर आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत खेळाच्या डबीतच बसवलेल्या बारीक बॅटरीच्या जोरावर, आजचा डाव जेथे थांबला तेथून उद्या पुढे चालू करता येऊ लागला. माझ्या मते न संपणाऱ्या खेळांच्या इतिहासातला हा मुख्य टप्पा. जोवर डाव राखता येत नव्हता तोवर तो एका बैठकीत संपवावा लागे. तो राखता येऊ लागला आणि 'उद्या' नावाची गोष्ट खेळात शिरली. एकदा उद्या आला की माणूस परवाही येणार हे कारागिरांनी ओळखले, आणि खेळ लांबत लांबत गेला. १९९६ साली आलेल्या 'डॅगरफॉल' या खेळात गावे, शहरे आणि भुयारे मिळून १५,००० ठिकाणे असल्याची जाहिरात होती. एवढी गावे हिंडावयास तलाठ्याची सारी हयातही पुरणार नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. १९९७ साली स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात 'ग्रँड थेफ्ट ऑटो' नावाचा खेळ तयार झाला. २००१ साली त्याच्या तिसऱ्या भागाने सबंध शहर त्रिमितीत उभे केले, आणि २००२ साली आली 'व्हाइस सिटी'. १९८६ सालच्या मायामीच्या धर्तीवर रचलेले समुद्रकाठचे शहर, भडक शर्ट घातलेला एक गुन्हेगार नायक, आणि रस्त्यावरची दिसेल ती मोटार आपली. २००३ साली तिची संगणकावरची आवृत्ती निघाली आणि पाहता पाहता ती महाराष्ट्रातल्या गावोगावच्या सायबर कॅफेंत पोहोचली. खेळ मोठ्या माणसांसाठी होता आणि तसे त्याच्या वेष्टनावर छापलेले असे. पण आमच्याकडे वेष्टन पाहिले होते कोणी? मी त्या वेळी नुकताच शाळेत शिकवू लागलो होतो. पुंडलिकनगर ते गजानन महाराज मंदिर या टापूत तेव्हा असे कॅफे निघत होते, आणि शाळा सुटल्यावर माझे निम्मे विद्यार्थी तेथे सापडत. त्यांना शोधावयास म्हणून मी जाऊ लागलो आणि त्यांच्या पाठीशी उभा राहून पाहू लागलो.

त्या पोरांपैकी एकानेही तो खेळ पुरा केला असेल असे मला वाटत नाही. आणि याला इतिहासाने दखल घ्यावी अशी कारणे आहेत. पहिले कारण वीज. २००५ नंतरची काही वर्षे मराठवाड्यात भारनियमनाचा कहर होता. या खेळात डाव वाटेल तेथे राखता येत नसे. त्यासाठी नायकाला आपल्या मुक्कामी परत न्यावे लागे. पोरगा अर्धे शहर पालथे घालून घराकडे वळावा आणि वीज जावी, की दिवसाची सारी कमाई पाण्यात! दुसरे कारण भागीदारी. एका यंत्रावर दिवसभरात वीस पोरे बसत. आज राखलेल्या डावावर उद्या दुसरा कोणी आपला डाव चढवून मोकळा होई. तिसरे कारण पैसा. तासाला दहा-पंधरा रुपये मोजायचे, आणि तेही खाऊच्या पैशांतून वाचवलेले. अशा तासात पुढारी, दलाल आणि गुंड यांची लांबलचक भाषणे कोण ऐकत बसेल? आणि चौथे कारण भाषा. नायकाला कामगिरी सांगितली जाई ती अमेरिकी ढंगाच्या भरधाव इंग्रजीत. आमची पोरे मराठी माध्यमाची. त्यांना त्या कथेतले काही म्हणजे काही कळत नसे.

शिवाय एक कुप्रसिद्ध कामगिरी होती. दूरनियंत्रणाने चालणारे एक खेळण्यातले हेलिकॉप्टर एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत शिरवायचे आणि ठरावीक वेळात चार ठिकाणी चार बाँब ठेवायचे. कळफलकावर ते हेलिकॉप्टर एखाद्या माजलेल्या गोऱ्ह्यासारखे भलतीकडेच धावे. माझ्या समक्ष तेथे कित्येक शूर वीर धारातीर्थी पडले. या हेलिकॉप्टराने छळलेली पिढी आज तिशीत आहे. साऱ्या हिंदुस्थानात कोठेही तिच्यापुढे त्याचे नाव काढा, ती आधी कपाळाला हात लावते आणि मग हसते. त्यातच आरंभी वादळाचा इशारा म्हणून शहराचे पूल बंद असत आणि काही कामगिऱ्या पार पाडल्यावाचून ते उघडत नसत. म्हणजे आमच्या बहुतेक पोरांनी वर्षानुवर्षे त्या नगरीचा एकच काठ पाहिला. पलीकडचा काठ त्यांना आफ्रिकेइतकाच दूर.

मग ती करीत तरी काय? तर ती हिंडत. वहीच्या मागच्या पानावर गुप्त मंत्र लिहिलेले असत; ते टंकले की वाटेल ते मिळे. 'पँझर' टंकले की आकाशातून रणगाडा. 'लीव्ह मी अलोन' टंकले की मागचे पोलिस गायब. जखमी नायकाला बरे करण्याचा मंत्र होता 'ॲस्पिरिन', पण त्याच्या स्पेलिंगात शेवटी एक 'ई' जास्त होता. पुढे एका मुलाने उत्तरपत्रिकेत त्या औषधाचे नाव नेमके त्या ज्यादा 'ई'सकट लिहिले, तेव्हा याची विद्या कोणत्या गुरुकुलातली हे मला तत्काळ उमगले. मी ते चूक धरले, पण लाल शाई जरा हलक्या हातानेच लावली.

पुढे काळ पालटला. घरोघरी यंत्रे आली, वीज टिकू लागली, तबकड्या जाऊन खेळ तारेवाटे उतरू लागले. २०११ साली 'स्कायरिम', २०१५ साली पोलंडमध्ये तयार झालेला 'द विचर'चा तिसरा भाग, २०१८ साली 'रेड डेड रिडेम्प्शन'चा दुसरा. भाचा घरी यंत्र घेऊन आला तेव्हा मी हे एकामागून एक उघडून पाहिले. कौतुक करण्यासारखे त्यांत पुष्कळ आहे. १८९९ सालची अमेरिका, बर्फाचा डोंगर, घोडा चालतो तेथे त्याच्या खुरांची वाट पडत जाते. हे पाहून कोणाही लेखकाने आपली लेखणी जरा वेळ बाजूला ठेवावी. पण एकही पुरा झाला नाही. कादंबऱ्या लिहिण्याची सवय जडलेला माणूस मी. माझे दुखणे नेमके काय ते 'विचर' खेळताना मला सापडले. त्यातला नायक आपल्या मानलेल्या मुलीच्या शोधात निघालेला आहे. भयंकर शक्ती तिचा पाठलाग करीत आहेत, क्षणाक्षणाला मोल आहे, असे प्रत्येक जण त्याला बजावतो. आणि तरीही तो वाटेतल्या खाणावळीत बसून हवे तितके दिवस पत्ते खेळू शकतो! मुलगी बिचारी तोवर संकटात थांबून राहते. कल्पना करा, लक्ष्मण मूर्च्छित पडला आहे, मारुतीराय द्रोणागिरी आणावयास उडाले आहेत, आणि वाटेत प्रत्येक गावच्या पारावर उतरून ते पत्ते कुटीत बसले आहेत. सूर्योदय मात्र त्यांच्यासाठी खोळंबला आहे. कथेचा सगळा जीव वेळेत असतो. ज्या कथेतली वेळ माझ्यासाठी थांबते तिच्यासाठी मी का थांबावे?

दुसरे दुखणे नकाशाचे. २००७ साली 'असॅसिन्स क्रीड'ने उंच बुरुजावर चढून मुलूख न्याहाळण्याची पद्धत रूढ केली. वर चढले की नकाशावर खुणा उमटतात. पुढे तिचे अनुकरण इतके झाले की नकाशा खुणांनी भरून जाऊ लागला. येथे एक पेटी, तेथे एक निशाण, पलीकडे कोणाचा हरवलेला बैल. २०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होतो. पुंडलिकनगरच्या गल्ल्यांतून घरयादी हाती धरून, झालेल्या घरावर खूण करीत, बंद घरी पुन्हा जात मी दिवस काढले आहेत. त्या कामाचे मला सरकार मानधन देत होते, आणि त्यातून देशाची मोजदाद होत होती. तेच काम मी पैसे देऊन, काल्पनिक मुलखात, कोणाच्या कल्याणासाठी करावयाचे?

आणि मुलूख तरी केवढा! २०१६ साली इंग्लंडातल्या एका लहानशा मंडळीने 'नो मॅन्स स्काय' हा खेळ काढला. 'एलीट'च्याच बीजसूत्राचा हा पणतू. त्यात ग्रह किती? तर दोनचा चौसष्टावा घात. बुद्धिबळाच्या पटाची ती कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत चौसष्ट घरे भरावयाचे राजाने कबूल केले आणि त्याची कोठारे रिती झाली. त्या साऱ्या दाण्यांची बेरीज होते १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. या खेळातले ग्रह त्याहून बरोबर एकाने अधिक आहेत! सेकंदाला एक ग्रह पाहिला तरी सुमारे ५८ हजार कोटी वर्षे लागतील. राजाला दाणे देता आले नाहीत. आमच्या काळातल्या कारागिरांनी ते देऊन दाखवले. पण खाणारे तोंड पूर्वीएवढेच राहिले.

म्हणूनच लोक हे खेळ अर्ध्यावर सोडतात, यात मला नवल वाटत नाही. २००५ च्या सुमारापासून कोणता खेळाडू कोठवर पोहोचला याच्या बिल्ल्यांची नोंद यंत्रे ठेवू लागली. ती पाहिली म्हणजे दिसते की, अनेक गाजलेल्या मोठ्या खेळांत कथेच्या शेवटाला पोहोचणारे निम्म्याहून कमी भरतात. याच्या उलट उदाहरण आपल्या पुण्यातलेच आहे. २०२० साली तेथल्या तरुणांनी 'राजी' नावाचा खेळ काढला. राक्षसांनी पळवलेल्या लहान भावाला शोधणारी एक पोर, तिच्या हाती दुर्गेचा त्रिशूळ, आणि राजस्थानी महालांची पार्श्वभूमी. मुक्तसंचार नाही; वाट एकच, आणि ती थोड्या बैठकांत संपते. हा एक खेळ मी शेवटपर्यंत खेळलो. बहीण भावाकडे निघाली होती आणि वाटेत कोठे पत्ते खेळावयास बसली नव्हती.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख म्हणजे एका मास्तराची कुरकुर झाली असती. पण अर्ध्यावर राहिलेल्या गोष्टींविषयी आमच्या जिल्ह्याने मला दुसराही एक धडा दिला आहे. अजिंठ्याचे चोविसावे लेणे अपुरे आहे. ते पुरे झाले असते तर तेथल्या सर्वांत मोठ्या विहारांत त्याची गणना झाली असती; पण पाचव्या शतकाच्या अखेरीस आश्रय तुटला आणि छिन्नी खाली ठेवली गेली. प्रवासी त्याच्यापुढे फारसे थांबत नाहीत. अभ्यासक मात्र आवर्जून थांबतात. कारण लेणे खोदतात कसे, हे पुऱ्या झालेल्या लेण्यात दिसत नाही, अपुऱ्यात दिसते. आधी छताची पातळी धरून आत शिरायचे, मग खाली उतरत जायचे, जेथे खांब व्हावयाचे तेथे दगडाचे ओबडधोबड ठोकळे राखून ठेवायचे. हे सारे त्या अर्धवट खडकाने सांगितले. कथेला पाठ फिरवून नुसती हिंडणारी आमची पोरे अशाच रीतीने त्या नगरीचे छत आणि ठोकळे पाहत होती. "सर, आपण तोंड फिरवलं की मागची गाडी नाहीशी होते," असे एकाने मला दाखवून दिले. यंत्राला सारे शहर एकदम पेलत नाही, जेवढे दिसते तेवढेच ते उभे करते, ही गोष्ट त्याला कोणी शिकवली नव्हती. पुढे तो संगणकाच्याच धंद्यात गेला.

तरी आजच्या आईबापांची काळजी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी एक पालक शाळेत आले. कारखान्यात पाळीवर काम करणारा माणूस. म्हणाले, "सर, मी त्याला म्हणतो, हा डाव संपव आणि ऊठ. तो म्हणतो, पप्पा, हा संपतच नसतो. मग मी काय म्हणायचं?" मला चटकन उत्तर सुचले नाही, कारण प्रश्न खरा होता. उठण्याची आज्ञा पूर्वी खेळ देत असे. तो देईनासा झाला. आता ती माणसांना द्यावी लागणार, आणि नुसता हुकूम सोडून ती पाळली जाणार नाही, कारण हुकूम करणाऱ्याला त्या मुलखाची वाटच ठाऊक नसते. मी त्यांना एवढेच सांगितले की, पाळी सुटल्यावर तासभर त्याच्या शेजारी बसा, आणि त्याला विचारा, आज कोठवर जायचे? त्या डोंगरापर्यंत? मग डोंगर आला की दोघेही उठा. ते बसू लागले. काही महिन्यांनी रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी त्या काल्पनिक मुलखातल्या खिंडीचे आणि नदीचे असे वर्णन ऐकवले की, माणूस सासुरवाडीला जाऊन आला असावा. पोरगा उठतो का, असे मी विचारले. "उठतो," ते म्हणाले, "आता मलाच उठवतो."

आणि माझ्या त्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एक जण आज मालमोटार चालवतो. मराठवाड्याच्या कोरड्या रानातला पोरगा. वीस वर्षांपूर्वी कॅफेत बसला की तो कसलीही कामगिरी न करता मोटार थेट किनाऱ्यावर न्यायचा आणि वाळूत उभी करायचा. त्या खेळात नायकाला पोहता येत नसे. खोल पाण्यात गेला की तो मरे. म्हणून हा काठावर नुसता उभा राही आणि घड्याळाचा तास संपेपर्यंत लाटा पाहत राही. भोवतालची पोरे चिडत, पैसे फुकट घालवतो म्हणत. परवा दिवाळीच्या तोंडावर तो भेटला. न्हावाशेव्याहून माल उतरवून आला होता. बोलता बोलता मी विचारले, "काय रे, तो खेळ कधी पुरा केलास की नाही?"

"नाही सर," तो म्हणाला. "मला तिथं समुद्र बघायचा होता. तेव्हा दुसरीकडं कुठं होता आपल्याकडं?"